तिसरं डिकॉक्शन

आत्याबाई कॉफीचा टंब्लर हातात आला की लगेच पीत नसे. अंगणातल्या उजेडाकडे न्यायची, तिरका करायची, कडेवर चढून खाली उतरणारा रंग बघायची आणि म्हणायची, "तिसरं." मग मान मागे टाकून वरून तोंडात ओतायची. भांड्याला ओठ लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

फिल्टरची कॉफी तुम्ही केली नसेल तर सांगते. वरच्या भांड्यात पूड घालायची, उकळतं पाणी ओतायचं. खाली थेंब थेंब जमतं ते पहिलं डिकॉक्शन. काळं, दाट, शेजाऱ्याच्या घरापर्यंत वास जाणारं. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतलं की दुसरं. आणखी एकदा ओतलं की तिसरं. ते पेंढा भिजवलेल्या पाण्यासारखं दिसतं आणि तसंच लागतं. ऑडिटरांच्या घरी पहिलं ऑडिटरांना, त्यांच्या मुलाला आणि पाहुण्यांना. दुसरं त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना. तिसरं आत्याबाईला, मला आणि अंगण झाडणाऱ्या बाईला.

माणसांनाही ती याच मापानं मोजायची. देवळातले भटजी तिच्या हिशेबानं "दुसरं, पण दूध जास्त." समोरच्या घरातली नवी सून "पहिलं आहे, पण चिकरीची भेसळ घातलेलं." मला म्हणायची, "तू तर चोथा गं, तुळजे."

"चोथ्याखालूनच तिसरं येतं, आत्याबाई," मी म्हणायची. त्यावर ती तोंडाला पदर लावून हसायची.

ऑडिटर तिचे थोरले भाऊ. आमच्या तंजावरात दुसऱ्यांचा कर वाचवून देणाऱ्या माणसाला ऑडिटर म्हणतात. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. मी चौथीपर्यंत शिकले, मराठी वाचता-लिहिता येण्यापुरतं. बाकी जे कळलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं.

आत्याबाईचं लग्न तिरुवैयारुच्या पलीकडच्या एका गावात झालं होतं. भाताची शेती, नारळाची बाग. नवरा गेला, मूल नव्हतं. दिरानं तिला एका ट्रंकेसकट माहेरी परत पाठवली. ऑडिटर सगळ्यांना सांगायचे, "बहिणीला मी सांभाळलं." सांभाळलं म्हणजे काय ते मी बघत होते. वाटण, कांडण, झाडलोट, वहिनींचं बाळंतपण, मुलाचं दुखणंखुपणं, सगळं तिनं केलं. निजायला कोठीच्या खोलीबाहेरचा बोळ. पगार मला होता, तिला नव्हता. ती घरचीच ना.

आता बजेटचं सांगते.

दरवर्षी मद्रासला राज्याचं बजेट मांडलं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिटर झोपाळ्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे. कशावर कर वाढला, कोणाला काय फुकट मिळणार. फुकटचं आलं की त्यांचा आवाज चढायचा. "आम्ही भरायचं आणि यांनी वाटायचं!" पेपर संपला की चष्मा काढायचे आणि आम्हा सगळ्यांना बोलावून घरचं बजेट मांडायचे. "दिवस कठीण आहेत. प्रत्येकानं थोडं थोडं सोसायला पाहिजे." ते सोसणं आमच्यापासून सुरू व्हायचं आणि आमच्यापाशीच संपायचं. एका वर्षी आमचं रात्रीचं ताक गेलं. एका वर्षी आत्याबाईच्या डोक्याचं तेल गेलं. ती म्हणाली, "अण्णा, केस तर आहेत की अजून."

"तरतूद नाही," ऑडिटर म्हणाले.

हा त्यांचा शब्द. पदर फाटला, दात दुखला, चप्पल तुटली, काही सांगायला जा, "तरतूद नाही." तेव्हा देशाचा बाजार उघडला म्हणून सगळे बोलत होते. त्या घरात रंगीत टीव्ही आला, फोन आला, मग मोटार आली. आणि कोठीच्या खोलीला कुलूप आलं.

पाहुण्यांना ते एक गोष्ट नेहमी समजावून सांगायचे. "कर कसा घ्यावा? उगमापाशीच कापून घ्यावा. एकदा हातात पडलं की माणूस सोडत नाही." मला हे पटलं. मी रोज सकाळी फिल्टरपाशीच पहिल्या डिकॉक्शनचा एक घोट कापून घ्यायची आणि तेवढं पाणी वरून घालायची. म्हणजे त्या घरात पहिलं कोणाच्या पोटात जात होतं विचाराल, तर माझ्या. ऑडिटरांना कधी कळलं नाही. ते पेपर वाचत कॉफी घ्यायचे. टंब्लरात बघायची त्यांना जन्मात गरज पडली नव्हती. आत्याबाईला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं अर्धा घोट मागितला असता.

ऑडिटरांचा स्वतःचा पैसा बराच होता आणि त्यातला दाखवायचा थोडाच होता. बायकोच्या नावावर टाकला तर तो पुन्हा नवऱ्याच्याच खात्यात धरतात, असं ते म्हणायचे. बहिणीच्या नावावर टाकला तर धरत नाहीत. म्हणून त्यांनी आत्याबाईला धंदा काढून दिला. कागदावर. ती अप्पळम लाटते, म्हणजे उडदाचे पापड, आणि विकते. दरवर्षी तिचे अप्पळम जास्त खपायचे. दरवर्षी तिच्या नावानं बँकेत ठेव वाढायची. व्याज मुलाच्या खर्चाला जायचं. वर्षातून एकदा ऑडिटर कागद घेऊन स्वयंपाकघरात यायचे, तिचं बोट धरून जागेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "इथं." ती ओल्या हातानं सही करायची. तिला लिहायला तेवढंच येत होतं, आपलं नाव.

"आमच्या गल्लीतली सगळ्यात श्रीमंत बाई!" ऑडिटर पाहुण्यांसमोर तिला दाखवून म्हणायचे. हा विनोद त्यांना फार आवडायचा. गल्लीभर झाला होता. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "काय श्रीमंत बाई, आज वांगी?" आत्याबाईही हसायची. काय करणार.

पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, सरकार गरीब बायकांना साड्या वाटायचं. ऑडिटर श्रीमंत बाईला त्या रांगेत उभं करायचे. ती साडी वहिनी मला दिवाळीची म्हणून द्यायच्या.

पुढं आत्याबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. दोन्ही डोळ्यांत. टंब्लर तिरका करायची आणि रंग दिसायचा नाही. मला विचारायची, "तुळजे, काय आहे हे?"

"दुसरं काय असणार?"

"दुसरं आहे?" ती आशेनं विचारायची.

"तिसरं हो, आत्याबाई. दुसरं काय असणार, असं म्हणाले."

"नीट बोलत जा."

तांदळातले खडे निवडताना ती बोटांनी चाचपायची. एकदा ऑडिटरांच्या मुलाच्या ताटात खडा आला, तेव्हा तिनं धीर करून भावाला सांगितलं, "अण्णा, डोळे करून दे." उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

त्याच सुमाराला कर कचेरीतला एक अधिकारी येणार अशी खबर लागली. अप्पळमचा एवढा धंदा चालतो कसा, ते त्याला बघायचं होतं. आदल्या दिवशी ऑडिटरांनी उडदाचं पीठ आणलं, कुठून तरी जुने पाट-लाटणी आणली आणि सकाळी आम्हा दोघींना अंगणात बसवलं. आत्याबाईनं जन्मात विकायला अप्पळम लाटला नव्हता, पण घरचे लाटून हात तयार होता. डोळे नसले तरी काठ गोल यायचा.

अधिकारी तरुण होता. तमिळच. बोलणं तमिळमध्ये झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

"हे सगळं तुम्हीच करता, अम्मा?"

"मग काय अण्णा येऊन लाटतील?"

तो हसला. "विकता कुठं?"

"विकायला मी कशाला जाऊ? लोक दारात येतात. लग्नसराईत नाही म्हणावं लागतं."

"आणि ह्या कोण?" माझ्याकडे बोट.

"ही माझ्याकडे कामाला आहे."

मी लाटणं थांबवलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पगार काय देता?"

"मागते तेवढा देत नाही," आत्याबाई म्हणाली. अधिकारी खो खो हसला, ऑडिटरही हसले. घाम पुसत हसले.

"मग मिळालेल्या पैशाचं काय करता, अम्मा?"

आत्याबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि तोंड त्याच्याजवळ नेलं. "डोळे करायचेत, बाळा. त्यासाठी साठवते. बघ की, हा गेल्यातच जमा आहे. हा अर्धा आहे."

अधिकारी ऑडिटरांकडे वळला. "काय सार, यांचं एवढं उत्पन्न आहे. मग थांबलात कशाला?"

"पुढच्याच महिन्यात ठरलंय," ऑडिटर म्हणाले. "तिरुचीला. मोठ्या हॉस्पिटलात."

"लवकर करा. डोळा आहे," असं म्हणून तो अप्पळमची एक चळत घेऊन गेला.

दार लागल्यावर ऑडिटर झोपाळ्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. "कोणी शिकवलं तुला हे?"

"शिकवायचं काय त्यात? त्यानं विचारलं, मी सांगितलं."

"तिरुचीला तरतूद नाही." मग माझ्याकडे वळून, "हे अप्पळम विकून ये. पीठ फुकट आलं नव्हतं."

मी दारोदार जाऊन विकले. आत्याबाईच्या धंद्याची खरी विक्री झाली ती तेवढीच.

पण डोळ्याचं बोलणं गल्लीला कळलं होतं, म्हणून डोळा तर करणं भाग होतं. एका शाळेत गरिबांसाठी फुकट शिबिर भरलं होतं. ऑडिटरांनी तिला तिथं पाठवली, सोबत मला. भाताच्या खाचरातून आलेल्या बायकांच्या रांगेत आम्ही बसलो. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "आजी, उत्पन्न?"

"काही नाही. भाऊ घालतो ते खाते," आत्याबाई म्हणाली. तसंच सांगायला ऑडिटरांनी बजावलं होतं. त्या आठवड्यात ती सोमवारी धंद्याची मालकीण होती आणि शनिवारी भिकारी. दोन्ही वेळा तिनं भावाचंच काम केलं.

एक डोळा केला. त्या दिवसांत पैसे भरणाऱ्यांच्या डोळ्याच्या आत भिंग बसवायचे आणि फुकटवाल्यांना बाहेरून जाड चष्मा द्यायचे. डॉक्टरांनी बजावलं, धुरापाशी बसायचं नाही, वाकायचं नाही. पट्टी नीट सुटलीही नव्हती आणि ऑडिटरांचा मुलगा परीक्षा पास झाला म्हणून घरी जेवण निघालं. मागच्या अंगणात लाकडाची चूल पेटवली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही काही करू नका. नुसतं विस्तवावर लक्ष ठेवा." ती लक्ष ठेवत बसली. मी दोनदा उठवली, दोनदा वहिनींनी बसवली. डोळा लाल झाला, मग पू झाला, मग गेला. तुम्हाला वाटेल, भाऊ निदान गप्प बसला असेल. नाही.

"एक आहे की अजून," ऑडिटर म्हणाले. "देवानं राखीव दिलाय."

त्या दिवसापासून आत्याबाई श्रीमंत बाईच्या विनोदाला हसायची बंद झाली.

मग मुलाला दुकान काढायचं होतं. दुचाक्या विकायचं, काचेचं. टीव्हीवर सारख्या जाहिराती यायच्या आणि गल्लीत ज्याच्या त्याच्याकडे मोपेड येत होती. पैसा होता आत्याबाईच्या ठेवीत. मोडायला तिची सही हवी. ऑडिटर कागद घेऊन स्वयंपाकघरात आले आणि तिचं बोट धरलं. तिनं बोट काढून घेतलं.

"मला दिसत नाही, अण्णा."

"मी दाखवतो की. इथं."

"दिसत नाही तिथं सही करू नये. तूच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतोस."

"मग अंगठा लाव."

"सही येणाऱ्या बाईचा अंगठा बँक घेत नाही. हेही तूच सांगतोस."

वहिनी दारात आल्या. आत्याबाई हळूच म्हणाली, "राखीव डोळा करून दे. तिरुचीला. आत भिंग बसवतात तो. मग सही करते."

ऑडिटरांनी तिची कॉफी बंद केली. तिसरंसुद्धा. ती सकाळी नेहमीच्या जागी उंबऱ्यावर बसायची, रिकामा टंब्लर उजेडाकडे न्यायची, तिरका करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "चौथं." मग जेवण अर्धं केलं. बोळातली चटई काढली. ती फरशीवर निजली. मुलगा रोज बापाशी भांडायचा, काचेच्या दुकानाची जागा दुसरा कोणी घेईल म्हणून. शेवटी बहिणीच्या उपासानं नाही, मुलाच्या कटकटीनं ऑडिटर वाकले. तिरुचीला मोठ्या हॉस्पिटलात पैसे भरून डोळा झाला. तरतूद निघाली.

पट्टी सुटून घरी आली तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "म्हातारी झालीस गं," म्हणाली. "आणि नाकात केस आलेत."

मग आम्ही बँकेत गेलो. ऑडिटर, मुलगा, आत्याबाई आणि तिचा हात धरायला मी. बँकेतल्या बाईनं कागद पुढं केला. आत्याबाईनं तो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, तिरका केला. अगदी टंब्लर बघायची तसा.

"हे माझं नाव?"

"हो, अम्मा."

"आणि हा पैसा माझा?"

"तुमचाच की. तुमच्या धंद्याचा."

"माझ्या नावाखाली हे कोणाचं नाव आहे?"

"तुमच्या भावाचं. तुमच्या पश्चात त्यांना मिळावा म्हणून."

"ते काढा," आत्याबाई म्हणाली. "आणि पैसा आहे तिथंच राहू द्या. व्याज माझ्या हातात द्या."

मुलगा ओरडला. बँकेतली बाई ऑडिटरांकडे बघायला लागली. ऑडिटरांनी मुलाचा दंड धरला आणि हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता. पैसा माझा आहे म्हणावं तर इतकी वर्षं सरकारला खोटं सांगितलं असं होतं. तिचा आहे म्हणावं तर ती म्हणत होती तेच खरं.

बाहेर रस्त्यावर मात्र ते दातओठ खात पुटपुटले, "नाव तुझं आहे गं. पैसा कोणाचा?"

"अप्पळमचा," आत्याबाई म्हणाली.

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी येऊन मी दोन घोट कापले.

तिला घराबाहेर काढता येत नव्हतं, कारण तिच्याबरोबर पैसाही गेला असता. ती मरेपर्यंत तिला जपणं आलं. जपलीही. झोपाळा तिला मिळाला. कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला गेली. मुलाचं काचेचं दुकान झालं नाही. तो तिरुचीला दुसऱ्याच्या दुकानात मोपेडी विकायला लागला. पुढच्या वर्षी मद्रासचं बजेट आलं तेव्हा आत्याबाईनं ऑडिटरांकडून पेपर वाचून घेतला आणि मग आपलं बजेट मांडलं. पहिलं डिकॉक्शन तिला. दुसरं ऑडिटरांना. तिसरं वहिनींना.

मी वाट बघत उभी होते. गिरणीच्या पाळीला उभं राहतात तशी. "आणि मी, आत्याबाई?"

"तू काय? तिसरं आहे की."

"मग पगार तरी वाढवा. तुम्हीच त्या साहेबाला सांगितलंत, मी तुमच्याकडे कामाला आहे म्हणून."

तिनं राखीव डोळा माझ्यावर लावला. "तरतूद नाही, तुळजे."

ती हसेल म्हणून मी थांबले. ती हसली नाही.

पुढचं ऐका. नव्या डोळ्यानं ती टंब्लर उजेडात धरायची. असाच एक दिवस तिरका केला, कडेवरचा रंग उतरताना बघितला, पुन्हा तिरका केला. "हे पहिलं नाही."

"पहिलंच आहे."

"यात पाणी आहे. जन्मभर मी पाणीच प्याले, मला पाण्याचा रंग शिकवू नकोस." मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "किती वर्षं पितेस गं तू?"

मी सांगितलं, "उगमापासून."

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठून फिल्टरशेजारी पाट टाकून बसली. शेवटचा थेंब पडेपर्यंत बसली. मग रोजच बसायला लागली. ऑडिटरांनी इतक्या वर्षांत जे केलं नाही ते तिनं केलं. तोंडावर म्हणाली, "अण्णाला दिसत नव्हतं. मला दिसतं." मी काम सोडलं नाही. दुसऱ्या घरी तिसरंही मिळत नव्हतं.

असं म्हणू नका की पैशानं ती बिघडली. मी तिला जवळून बघितली. ती तशीच होती. फक्त आधी तिला तरतूद नव्हती.

ऑडिटर वकील घेऊन यायचे. मृत्युपत्र कर म्हणायचे. ती म्हणायची, "मेल्यावर मला काय लागणार? तेव्हाची तरतूद तेव्हा." मृत्युपत्र नसलं तर पैसा कोणाकडे जातो, तो कायदा तिला माहीत होता की नव्हता, ते मला माहीत नाही. विचारलं होतं मी. तेव्हा तिनं फिल्टरचं झाकण उचलून बघितलं, दुसरं काही नाही.

एका पावसाळ्यात तापानं गेली. फार दिवस काढले नाहीत.

आता ऑडिटरांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या माणसाच्या हातूनच होईल. दिलेली मुलगी सासरच्या गोत्राची, म्हणून तिचं क्रियाकर्म सासरच्यांनी करायचं. तिला हाकलून दिली तेव्हा हे गोत्र कोणाला आठवलं नव्हतं, पण तेराव्यापर्यंतचा खर्च ऑडिटरांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. भटजींनी सुचवलंही, "आता कोण बोलावतं तिकडच्यांना? तुम्हीच उरकून टाका." ऑडिटर म्हणाले, "तो त्यांचा मान आहे. खर्चही त्यांचाच." आणि गावाला निरोप धाडला. दीर मेला होता. दिराचा मुलगा आला, मोपेडवरून, नारळाचं पोतं मागे बांधून. साधा शेतकरी. त्यानं कोणाशी न भांडता अग्नी दिला, खर्च केला, तेराव्यापर्यंत ओसरीत निजला.

आणि गल्लीतला जो तो त्याला भेटायला आला तो म्हणाला, "तुमची काकू म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात श्रीमंत बाई हो!"

तेरावं झाल्यावर तो ऑडिटरांसमोर बसला. "मामा, काकूचा अप्पळमचा धंदा होता म्हणे?"

ऑडिटरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी तालुक्याच्या गावी वकिलाला विचारून आलो. तो म्हणाला, माहेरून मिळालेलं असेल तर माहेरी परत जातं. पण बाईनं स्वतः कमावलेलं असेल आणि मूलबाळ नसेल, तर ते नवऱ्याच्या माणसांना येतं. काकूनं स्वतःच कमावलं ना, मामा?"

वर्षानुवर्षं ऑडिटरांनी स्वतःच सरकारला हे लिहून दिलं होतं. त्यांनी मान हलवली. होकाराची होती की नकाराची, कळलं नाही. नाही म्हटलं असतं तरी कागद हो म्हणत होते.

पुढं कचेऱ्यांचे हेलपाटे झाले आणि पैसा गावाला गेला. ज्या दिराच्या घरानं ट्रंकेसकट हाकलली, त्याच्याच घरात. शेवटचा आला तेव्हा त्या पुतण्यानं विचारलं, "धंद्याचं सामान काही आहे?" मी माळ्यावरून ते पाट आणि लाटणी काढून दिली. त्यानं ती मोपेडला बांधली, नमस्कार केला आणि गेला. त्याला पाहुणा म्हणून पहिलं डिकॉक्शन दिलं होतं. कडू लागतं म्हणून त्यानं अर्धं ठेवलं.

ऑडिटर झोपाळ्यावर येऊन बसले. किती दिवसांनी बसले होते. गल्लीच्या टोकाला मोपेडचा आवाज विरला तरी ते तिकडेच बघत होते. म्हणाले, "कॉफी दे."

मी आत गेले. फिल्टरशेजारी तिचा पाट अजून तिथंच होता. तो मी पायानं बाजूला सारला. पुडीवर दोनदा पाणी ओतून झालं होतं. मी तिसऱ्यांदा ओतलं, खाली आलं त्यात दूध घातलं आणि टंब्लर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो तिरका केला नाही, उजेडाकडे नेला नाही. मान मागे टाकून प्यायले, सगळा प्यायले.

"आज चांगली झालीय," म्हणाले.